पट्टीखालचं नाव

"आधी नाव झाका. मग वाचू."

लेखाचं पाकीट फोडलं की आप्पांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच. डोळे जवळजवळ मिटून, मान एका बाजूला वळवून ते लेखाचं पहिलं पान समोर धरायचे. लेखकाचं नाव चुकूनसुद्धा नजरेस पडता कामा नये. मग चाचपडत कागदाची पट्टी उचलायची, तिला खळ फासायची आणि नावावर अंदाजानं दाबून बसवायची. अंदाज बऱ्याचदा चुकायचा. कधी लेखाचं शीर्षकच झाकलं जायचं आणि मग "हे कशावर लिव्हलंय बुवा?" म्हणत आप्पा पानंच्या पानं वाचत बसायचे.

मीही इथं त्यांचं नाव सांगणार नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, तुम्हीही म्हणा. नाव वाचून माणसाची किंमत करायची आपल्या सगळ्यांनाच सवय असते. त्यांना त्यांच्याच नियमानं वाचलेलं बरं.

गोष्ट महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची. माझा छापखाना दौंडला, स्टेशनच्या अंगाला. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं यांवर आमचं पोट. आणि वर्षातून चार वेळा शिरूरचं एक संशोधनाचं त्रैमासिक. शिरूरच्या काही शिकल्यासवरल्या माणसांनी मंडळ काढलं होतं. आसपासची गावं, नद्या, देवळं, पीकपाणी, माणसं यांची पारखून घेतलेली माहिती छापायची असा हेतू. आप्पा त्याचे संपादक. हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. एसटीनं न्हावऱ्याच्या रस्त्याची सगळी धूळ टोपीवर घेऊन यायचे आणि आल्या आल्या टोपी झटकायचे, ती नेमकी माझ्या ओल्या प्रुफांवर.

खळ ते स्वतः शिजवायचे. माझ्या छापखान्यात, माझ्या स्टोव्हवर, माझ्या चहाच्या पातेल्यात. गव्हाचं पीठ, पाणी आणि वर चिमूटभर मोरचूद.

"अहो आप्पा, चहाचं पातेलं आहे ते! मोरचूद विषारी असतो. माझी माणसं मारता का?"

"मोरचुदाबिगर खळ म्हंजी कसरीला जेवण," ते शांतपणे ढवळत म्हणायचे. "आपल्याला नाव झाकायचंय. किड्याला खायला घालायचं न्हाई."

शेवटी मी ते पातेलं त्यांना देऊन टाकलं आणि चहासाठी नवं आणलं. दुसरं काय करणार?

एकदा मी वैतागून विचारलं, "आप्पा, अक्षर ओळखू येतं ना तुम्हाला? मग नाव झाकून काय उपयोग?"

"येतं की. पर मनाला सांगून ठिवलंय, ओळखायचं न्हाई."

या हट्टापायी त्यांनी घरचीही माणसं दुखावली. सख्ख्या जावयाचा लेख झाकून वाचला आणि 'ऐकीव मजकूर' असा शेरा मारून परत केला. जावई त्या दिवाळीला आला नाही. मंडळाचे अध्यक्ष शिरूरचे वकील. त्यांचा शहराच्या इतिहासावरचा लेख असाच परत गेला. वकीलसाहेब फणकारले तेव्हा आप्पा म्हणाले, "नाव झाकलं व्हतं साहेब. मला काय म्हाईत, तुमचा हाय म्हणून?" हे ऐकून मी हसलो होतो. वकीलसाहेब मात्र हसले नव्हते, आणि विसरलेही नव्हते.

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे. वडिलांनी मेंढरं विकून जमीन धरली आणि पोराला शाळेत घातलं. तरुणपणी आप्पांनी घोड नदीकाठच्या वीरगळांवर लेख लिहून पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवला. आठवड्याभरात परत आला, आतल्या पानांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आडनाव वाचलं आणि परत पाठवला. मग तोच लेख त्यांनी वेगळ्या आडनावाच्या एका मित्राच्या नावानं धाडला. तो लगेच छापून आला, वर संपादकांचं कौतुकाचं कार्ड.

"त्या लेखाखाली आजबी त्याचंच नाव हाय," आप्पा म्हणाले. "मित्र वारला. आता कुणाला सांगू, माझा हाय म्हणून?"

तर असा माणूस. आता रशीद मास्तरांकडे येतो.

रशीद मास्तर कवठे येमाईच्या शाळेत शिक्षक. तिथल्याच जुन्या मुसलमान घरातले. वडील बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे नाल, ठोकायचे. नोकरी करत, बाहेरून परीक्षा देत एम. ए. झालेले. दर सुट्टीत हा मनुष्य मेंढपाळांबरोबर रानोमाळ हिंडायचा, त्यांच्या मुक्कामावर राहायचा. त्यातून त्यांनी एक मोठा लेख लिहिला. आप्पांनी तो नाव झाकून वाचला, आणि मग पाकिटावरचा पत्ता बघून मास्तरांना माझ्या छापखान्यात बोलावून घेतलं. आप्पा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. फक्त एका जागी ते अडले होते आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मास्तर, तुम्ही लिव्हलंय की परत्येक कळपात पाच इसा मेंढरं. म्हंजी शंभर. समद्यांनी तेच सांगितलं?"

"व्हय आप्पा. ज्याला ज्याला विचारलं त्यानं."

"अवो, आमचा आज्जाबी तेच सांगायचा! मेंढरं धा असू द्या न्हाईतर हजार. परक्यानं आकडा विचारला की सांगायचं पाच इसा. खरा सांगितला तर दीठ लागती."

मास्तर आधी ओशाळले आणि मग आमच्याबरोबर हसत सुटले. तेवढं कलम त्यांनी नव्यानं लिहून आणलं. पण तोवर पहिला लेख पुढं गेला होता. आप्पांचा दुसरा नियम असा, की नाव झाकलेला लेख दोन जाणकारांकडे पाठवायचा आणि दोघांचं मत आल्याशिवाय छापायचा नाही. चूक दुरुस्त करून का पाठवला नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जाणकाराला ती दिसती का, तेबी कळंल की."

एक जाणकार नगरचे, ते आजारी पडले. दुसरे पुण्याचे एक नामांकित प्राध्यापक. त्यांनी लेख बरेच महिने ठेवून घेतला आणि मग कार्डावर एक ओळ लिहून परत केला. 'लेख अपरिपक्व, छापू नये.' पाच इसांबद्दल अक्षर नाही.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला पटलाय ना? मग छापू या."

"नगरचं मत येऊ द्या."

अंक निघाला, मास्तरांच्या लेखाविना. नगरचे गृहस्थ अंथरुणातून उठेनात आणि आप्पा नियम सोडेनात. मला आजही त्या नियमाचा राग येतो.

मग एक दिवस आप्पा आले ते टोपी न झटकताच. हातात पुण्याच्या एका मोठ्या संशोधन त्रैमासिकाचा ताजा अंक. माझ्यासमोर उघडून म्हणाले, "वाचा."

लेखावर प्राध्यापकमहाशयांचं नाव. वाक्यं थोडी फिरवलेली, बाकी सगळं मास्तरांचं. आणि मधोमध हे रत्न: 'या मेंढपाळांत प्रत्येक कळपात शंभरच मेंढ्या ठेवण्याचा प्राचीन दंडक आढळतो.' त्या दंडकावर महाशयांनी पुढं पानभर विद्वत्ता पाजळली होती. मला हसू फुटलं. आप्पांचा चेहरा बघितला आणि ते आवरलं.

"न्हाई म्हणून सांगितलं," ते म्हणाले, "आन् सोताच घेतला."

तेवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट लिहायला बसलो नसतो. त्या सुमारास शिरूरला नवं कॉलेज निघत होतं. मास्तरांनी अर्ज केला. मुलाखतीला आपला दुरुस्त केलेला लेख घेऊन गेले. दुसरं होतं काय त्यांच्याकडे? पुण्याचा अंक त्यांच्या पाहण्यात आला नव्हता, आणि आप्पांनीही अजून त्यांना कळवलं नव्हतं. समोर तज्ज्ञ म्हणून कोण बसलेलं? तेच महाशय. त्यांनी पानं चाळली, बाजूच्या मंडळींकडे सरकवली आणि म्हणाले, "हा तर माझा लेख. इकडचं तिकडं करून उतरवलाय."

मास्तर तिथून थेट दौंडला आले. आप्पा माझ्याकडे प्रुफं बघत होते. मास्तरांनी चहाला हात लावला नाही.

"आप्पा, मला चोर म्हणाले. समद्यांच्या म्होरं. अब्बांनी जल्मभर कुणाच्या बैलाचा खिळा लपवला न्हाई. उद्या कवठ्यात कसा जाऊ?"

आप्पांनी हातातलं प्रूफ खाली ठेवलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मास्तर, छापून खुलासा करतो. आता एक तर तुमचं नाव छापून येईल, न्हाईतर माझं निघंल."

मला वाटलं, आता धडाका होणार. कसला धडाका! आप्पा पत्रं लिहायला बसले. एक त्या पुण्याच्या त्रैमासिकाला, एक खुद्द प्राध्यापकांना. माझं डोकं फिरलं.

"आप्पा, चोराला काय विचारायचंय? सरळ छापा!"

"दोन्ही बाजू ऐकायच्या. चोराचीबी."

पुण्याहून उत्तर आलं: 'प्राध्यापकमहाशयांच्या शब्दावर आमचा पूर्ण विश्वास आहे.' संपलं. चौकशी नाही, विचारपूस नाही. महाशयांनी आप्पांना उत्तर दिलंच नाही; त्यांनी वकीलसाहेबांना लिहिलं. नव्या कॉलेजला मान्यता द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर महाशय होते, आणि वकीलसाहेब कॉलेजचेही अध्यक्ष होणार होते. आता तुम्हीच काय ते समजा.

मंडळाची बैठक वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात भरली. अंक छापणारा म्हणून मलाही बोलावलं होतं. महाशय जातीनं आले होते. गोरेपान, मऊ बोलणारे. आप्पांना वाकून नमस्कार केला. मास्तर दाराजवळच्या बाकावर बसले होते.

आप्पांनी परत आलेला मूळ लेख पुढं ठेवला आणि पाच इसांची सगळी हकिकत सांगितली. सांगताना आवाज चढला आणि बैठकीपुरती धरलेली हेडमास्तरी भाषा गळून पडली. "आमच्यात आकडा सांगत न्हाईत. ज्याला हे ठावं न्हाई त्यानंच ह्ये लिव्हलं. मास्तरांची चूक ह्यांनी जशीच्या तशी उचललीया!"

एक सभासद शेजाऱ्याला म्हणाला, "आप्पांना मेंढरांचं ज्ञान असणारच." आणि दोघं हसले. हे आप्पांनीही ऐकलं.

महाशय म्हणाले, "एकाच भागात दोघांनी विचारलं तर दोघांना एकच उत्तर मिळायचं. आणि मी या भागात फिरलोच नाही, असं कोण म्हणतं?"

"फिरला असता तर कळपाकडं बघून मोजलं असतं," मी म्हणालो. मला गप्प बसवण्यात आलं.

मग वकीलसाहेबांनी चष्म्यावरून लेखाच्या पहिल्या पानाकडे बघितलं. "आप्पा, मतासाठी पाठवलेला लेख हाच ना? यावर नाव कुठं आहे?"

"पट्टीखाली हाय."

"म्हणजे प्राध्यापकसाहेबांकडे बिननावाचा कागद आला. तुम्हीच नाव झाकलंत. मग चोरलं कुणाचं?"

आप्पांनी लेख स्वतःकडे ओढला. मी त्यांच्याकडे बघत होतो. जन्मभर जे चांगलं म्हणून जपलं, तेच या माणसानं उचलून त्यांच्या तोंडावर मारलं होतं.

"दाखवतो," ते म्हणाले. तांब्यातलं पाणी घेऊन त्यांनी पट्टी भिजवली, नखानं एक कोपरा धरला आणि हळूहळू ओढू लागले. पट्टी थोडी सुटली, अडली, आणि मग पट्टीबरोबर खालच्या कागदाचा पापुद्रा निघून आला. आप्पांची खळ पक्की. नाव पापुद्र्याबरोबर पट्टीला चिकटून गेलं होतं आणि ओल्या शाईचा नुसता निळा डाग उरला होता.

"अक्षर तरी बघा," आप्पा म्हणाले. "मास्तरांचंच हाय."

"नक्कल कुणीही करतो," वकीलसाहेब म्हणाले आणि बैठक उठवली. महाशयांनी जाताना पुन्हा वाकून नमस्कार केला. मेल्याला लाज म्हणून नव्हती.

चार दिवसांनी आप्पा माझ्याकडे खुलासा घेऊन आले. 'हा लेख मूळचा श्री.' असं म्हणून पुढं रशीद मास्तरांचं पूर्ण नाव, 'यांचा आहे. मतासाठी आमच्याकडून गेलेला लेख पुण्याच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या नावावर छापला. तो सांभाळता आला नाही, हा दोष संपादकाचा.' प्राध्यापकांचं नावगावही स्पष्ट लिहिलेलं.

"ह्यांचं नाव झाकायचं नाही का?" मी चेष्टेनं विचारलं.

"वाचताना नाव झाकायचं. चोरी सांगताना न्हाई."

"आप्पा, काढतील तुम्हाला."

"काढू द्या. छापता ना?"

मी स्वतः खिळे जुळवले. मास्तरांच्या नावासाठी जाड टाइप काढला. आप्पा म्हणाले, नको, साध्यात असू द्या, बाकीच्यांची असतात तशीच. अंकाचे गठ्ठे एसटीनं शिरूरला रवाना झाले. तिथं स्टँडवर वकीलसाहेबांच्या कारकुनांनी ते ताब्यात घेतले आणि साहेबांच्या ओसरीवर बसून प्रत्येक अंकातल्या त्या खुलाशावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. वर्गणीदारांना वाटलं, छपाईत चूक झाली. मला दोघातिघांची खरमरीत पत्रंही आली, की अहो, जरा लक्ष देऊन छापत जा.

पुढचा अंक पुण्याला छापला गेला. त्यात संपादक म्हणून दुसरंच नाव आणि एक चौकट: 'मागील अंकातील खुलासा हे माजी संपादकांचे वैयक्तिक मत असून मंडळ तो मागे घेत आहे.' चोरीचा लेख मागं घ्यायला कुणी तयार नव्हतं. चोरी सांगणारा खुलासा मात्र लगेच पुढच्या अंकात मागं घेतला गेला. शिरूरच्या कॉलेजला मान्यता मिळाली. पेढे वाटले.

कवठ्यात पोरं रशीद मास्तरांना पाठीमागं 'कॉपीमास्तर' म्हणू लागली. मास्तरांनी वरवंडच्या शाळेत बदली मागून घेतली. पुन्हा ते कधी मेंढपाळांत गेले नाहीत, ओळही लिहिली नाही. एकदा दौंडच्या बाजारात आप्पा दिसले तेव्हा मास्तरांनी वाट बदलली. माझ्यासमोरच घडलं हे.

"बरोबर हाय त्यांचं," आप्पा म्हणाले. "मी झाकलं म्हणून त्यानं उचललं. आन् नगरची वाट बघत बसलो."

"तुम्ही काय चोरी केलीत का?" मी खेकसलो. मला त्यांचं ते दोष पदरी घेणं सहन व्हायचं नाही.

काम नसतानाही ते अधूनमधून माझ्याकडे यायचे. ते पातेलं कोपऱ्यात पडून असायचं, त्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. वेळ जावा म्हणून मी त्यांना एखाद्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायला द्यायचो. ते मान वळवायचे आणि नवरामुलाच्या नावावर अंगठा ठेवून वाचायला लागायचे.

"आप्पा, लग्नपत्रिका आहे ती!"

मग ते ओशाळं हसायचे आणि अंगठा काढून घ्यायचे.

एका उन्हाळ्यात ते गेले. शिरूरच्या वाचनालयात शोकसभा झाली, आणि प्रमुख वक्ते कोण? तेच प्राध्यापकमहाशय. आता आणखी मोठ्या पदावर चढलेले. "असा निःस्पृह संपादक होणे नाही," ते म्हणाले. "माझं मेंढपाळांवरचं संशोधन त्यांनी किती आस्थेनं वाचलं होतं, ते मी विसरू शकत नाही." आवाज कातर झाला होता. लोकांनी माना डोलावल्या. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, तेवढ्यात मागच्या रांगेत रशीद मास्तर दिसले. हात मांडीवर ठेवून ते ऐकत होते.

सभा संपल्यावर आम्ही दोघं मागं राहिलो. मास्तरांना खुलाशाचा तो अंक बघायचा होता. त्यांनी तो आजवर पाहिलाच नव्हता. ग्रंथपालानं त्या वर्षाचा बांधीव खंड काढून दिला. मला पान आठवत होतं. वकीलसाहेबांच्या ओसरीवरची पट्टी कसरीनं खाऊन टाकली होती, नुसत्या कडा उरल्या होत्या. खालचा मजकूर दिसत होता. प्राध्यापकांचं नाव शाबूत होतं. वरती 'हा लेख मूळचा श्री.' एवढं वाचता येत होतं आणि त्यापुढं भोक होतं. खळ जिथं जाड बसली होती तिथं कसरीनं पट्टीबरोबर कागदही खाल्ला होता. भोकातून मागच्या पानावरची बियाण्यांची जाहिरात दिसत होती.

मास्तरांनी त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"नुसत्या पिठाची खळ," ते म्हणाले. "आप्पांनी लावली असती तर मोरचूद घातला असता. नाव राह्यलं असतं. झाकलेलं का हुईना."

मग त्यांनी खंड मिटला आणि ग्रंथपालाला परत दिला.